पंखा बदलतात, स्केगकडे कोण बघत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मच्छीमारांचे प्रश्न बरेच येतात, पर्ससीन, एलईडी, डिझेल परतावा, सगळं महत्त्वाचंच आहे आणि त्यावर लिहिणारे जाणकार पण भरपूर आहेत. मी लिहितोय ते एकदम छोट्या गोष्टीवर, ओबीएमच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या (आउटबोर्ड मोटर) पंख्यावर आणि त्या पंख्याखाली जी पातळ पाती उतरते, स्केग, तिच्यावर. छोटी गोष्ट म्हणून कोण लिहीत नाही, आणि कोण लिहीत नाही म्हणून दर सीझनला तीच तीच इंजिनं त्याच त्याच कारणासाठी उघडावी लागतात.

मी ओबीएम रिपेरिंगचं काम करतो. मालवण, देवबाग, तारकर्ली, तळाशील, आचरा या पट्ट्यातली इंजिनं जास्त, गिलनेटवाल्या मच्छीमारांची पण आणि वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची पण. आता नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय, बऱ्याच होड्या अजून ताडपत्रीखाली आहेत, इंजिनं पडवीत स्टँडला लावलेली आहेत, म्हणजे लेग, इंजिनाचा पाण्यात उतरणारा खालचा भाग, डोळ्यासमोर आहे आणि वाकूनसुद्धा बघायला लागत नाही. तरी बघत नाहीत. पंख्याची पाती तुटली की मालक धावत येतो कारण होडी हादरते, पळत नाही. स्केग मात्र खालून कुरतडलेला असतो, काहींचा अर्धाच उरलेला असतो आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "तो काय रे, तेच्याशिवाय पण चालता मरे."

चालतं, नाही कोण म्हणतंय. पण स्केग ही अख्ख्या इंजिनातली सगळ्यात खोल गेलेली वस्तू आहे, पंख्याच्या टोकापेक्षा पण खाली, आणि ती तशी मुद्दाम केलेली आहे, की खडप (पाण्यातला खडक) किंवा वाळू लागली तर पहिला मार तिनं खायचा. तीच नसेल तर पुढचा दणका थेट पंख्याला, पंख्यातून प्रॉप शाफ्टला (पंखा ज्या दांड्यावर बसतो त्याला), शाफ्टमधून गिअरला. शिवाय हळू चालताना, म्हणजे जेटीला लावताना किंवा जाळं ओढताना पंख्याचं पाणी कमी असतं तेव्हा होडी वळवायला या पातीचीच मदत होते, आणि पंखा एका बाजूला फिरतो त्यामुळे टिलर, म्हणजे इंजिन वळवायचा दांडा, हाताला एका बाजूला ओढतो तो ओढा पण ती थोडा आवरते. स्केग तुटलेलं इंजिन दिवसभर चालवणाऱ्याचा हात का भरून येतो ते त्याला कळत नाही, तो म्हणतो स्टिअरिंग जड झालंय, ग्रीस मार.

मार लागायच्या जागा इथं सगळ्यांना पाठ आहेत. देवबागला कर्लीचं मुख, पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा कुठं सरकलाय ते पहिल्या आठवड्यात कोणालाच नीट माहीत नसतं, मागच्या वर्षीच्या सवयीनं होडी घालतात आणि बसते. कोळंबच्या खाडीत तसंच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या बाजूला वाळू नाही, तिथं खडप, ओहोटीला वर येतं आणि अर्ध्या भरतीला दिसत नाही, तीच वाईट वेळ. पण नुसत्या जागेला दोष देऊन काय उपयोग नाही. इंजिनाला काही लागलं तर लेग मागे उचलला जावा अशी सोय कंपनीनं दिलेली असते, फॉरवर्ड गिअरमध्ये लॉक सुटलेला असतो आणि रिव्हर्सला तो लागतो, नाहीतर रिव्हर्सला लेग पाण्याबाहेर येईल. आपल्याकडे होतं काय की खाऱ्या हवेनं तो लॉक गंजतो, स्प्रिंग मरते, मग रिव्हर्सला लेग उडतो म्हणून दोरीनं खाली करकचून बांधून टाकतात. रिव्हर्सचा प्रश्न सुटला, पण आता खडपावर लेग उचलणार कसा? उचलत नाही, तुटतो. मी बघितलेल्या तुटलेल्या स्केगांत दोरी बांधलेली इंजिनं भरपूर असतात. एक स्प्रिंग आणि थोडं मरीन ग्रीस, एवढंच काम आहे ते.

आता लागलंच तर काय करायचं ते लिहितो, कारण लागल्यावर लोक पहिलं काम चुकीचं करतात, ते म्हणजे परत स्टार्ट करून "बघूया चालतंय का". आधी इंजिन बंद, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या स्विचची) दोरी काढा, आणि किनाऱ्यावर पंख्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगच्या कॅप्स पण काढा. गिअरमध्ये असलेलं इंजिन हातानं पंखा फिरवला तर सुरू होऊ शकतं, बोटं जातात. नट सोडवायला पाती आणि वरची आडवी प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घाला, हातानं धरू नका. मग न्यूट्रलला पंखा हळू फिरवत एखादी काडी पातीच्या टोकाजवळ स्थिर धरून बघा, तिन्ही पाती काडीपासून सारख्याच अंतरानं जातात का. पंखा काढल्यावर शाफ्टच्या टोकाशी पण तसंच बघायचं. पंखा सरळ आणि शाफ्ट डुलतोय असं असेल तर नवीन पंखा घेऊन पैसे घालवू नका, दुखणं आत आहे. शाफ्ट डुलला की ऑइल सील घासतं, सील गेलं की खारं पाणी गिअर ऑइलमध्ये शिरतं, ऑइल दुधट पांढरट होतं आणि मग बेअरिंग, मग गिअर. खालचा ड्रेन स्क्रू जरासा सैल करून पहिले चार थेंब बघितले तरी कळतं, रात्रभर इंजिन उभं असेल तर पाणी तळाला बसतं आणि आधी पाणीच येतं. स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावर चुरा बघा, बारीक काळं पीठ असेल तर चालतं, पण चकाकणारे तुकडे असतील तर लगेच उघडा.

पंखा काढलाच आहे तर त्याच्या मागचा वॉशर पण काढून तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, अडकलाय का बघा. आपल्याकडे तंगूस नाही असा शाफ्ट मला क्वचितच मिळतो. बाहेरून दिसत नाही, आतल्या बाजूला गुंडाळून घट्ट बसतं, तापतं आणि सील कापून टाकतं, आणि मालक शपथेवर सांगतो की इंजिन कुठं लागलंच नाही. खरं असतं त्याचं.

आता पंखा. ॲल्युमिनियमच्या पंख्याला कडेला बारीक दाते पडले असतील तर घाबरायचं काम नाही, गोल कानस आणि पॉलिश पेपर घेऊन कड गुळगुळीत करायची, जेवढं फाटलंय तेवढंच काढायचं, शोभेसाठी जास्त घासायचं नाही. बारीक वाटतं पण तिथंच पाणी फाटून बुडबुडे धरतात आणि हळूहळू धातूला खड्डे पडत जातात. त्यानंतर बॅलन्स बघायचा. पंखा एका सरळ गोल रॉडवर घालून रॉड दोन समतल पट्ट्यांवर ठेवा आणि सोडा, जड पाती प्रत्येक वेळी खाली येऊन थांबते, मग त्या पातीच्या पाठीकडून, म्हणजे होडीकडच्या बाजूनं, थोडं थोडं घासत जायचं. मागची बाजू, जी पाण्याला ढकलते, तिला हात लावायचा नाही, तिथं पिच असतो.

पिचचं पण थोडं सांगतो कारण बाजारातून कोणताही पंखा आणून बसवतात. पंख्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशोबानं किती पुढे सरकायला पाहिजे ते, प्रत्यक्षात त्यापेक्षा कमीच सरकतो. पिच एक इंच वाढवला की फुल थ्रॉटलला आरपीएम साधारण दीडशे ते दोनशे कमी होतो. मग कमी पिचचा पंखा रिकाम्या होडीला लावला की इंजिन किंचाळतं आणि जास्त पिचचा पंखा सहा माणसं, बर्फ, जाळी भरलेल्या होडीला लावला की इंजिन दबून चालतं, पेट्रोल खातं, तापतं, कार्बन धरतं. आपल्या इंजिनाचा फुल थ्रॉटलचा आरपीएम किती हवा ते पुस्तकात छापलेलं असतं, ते पुस्तक बहुतेकांच्या घरात देव्हाऱ्याखालच्या खणात पिशवीसकट नवीन आहे.

वाकलेल्या पातीचं मात्र सांभाळून. ट्रॉलरचे पितळी नाहीतर गनमेटलचे पंखे आपल्याकडचे जुने कारागीर तापवून ठोकून सुंदर सरळ करतात, ती कला आहे आणि मी त्यांना मानतो, पण तोच हात ॲल्युमिनियमला लावला तर फसतो. पितळ तापलं की रंग बदलून सांगतं, ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही, साधं दिसत दिसत ६६० अंशाला वितळून खाली पडतं. आणि थंड ठोकलं तर मुळाशी केसासारखी चीर जाते, ती रंगाखाली लपते आणि पाती भर समुद्रात सुटते. जुन्या लोकांची एक युक्ती आहे, ॲसिटिलीनची नुसती धुरकट ज्योत मारून पाती काजळीनं काळी करायची, मग ऑक्सिजन वाढवून सगळीकडून सारखं तापवायचं, काजळी उडाली की धातू मऊ झाला, आता लाकडी हातोडीनं हळूहळू. यानं पाती सरळ होते पण धातू आधीपेक्षा नरम राहतो, म्हणून असा पंखा मी स्पेअर म्हणून ठेवायला सांगतो, रोजच्याला नाही. पाती मुळातून तुटली असेल किंवा मुळाशी चीर असेल तर रिपेर करूच नका, भंगारात घाला.

आणखी एक दुखणं पंख्याचंच पण दिसत नाही. मधल्या हबमध्ये रबरी बुश असतो, दणका बसला की त्यानं मार गिळायचा म्हणून. तो आतून सुटला की इंजिन आरपीएम घेतं आणि होडी पळत नाही, लोक म्हणतात क्लच गेला, गिअर गेला, आणि हजारोंचा खर्च सांगणारे पण भेटतात. आतला हब आणि बाहेरचा पंखा यांच्यावरून मार्करनं एक सरळ रेघ ओढा, होडी जोरात चालवून या, रेघ तुटून दोन्ही टोकं वेगळी झाली तर बुश सुटलाय, बाकी काही नाही. छोट्या इंजिनांत बुशच्या जागी शिअर पिन असते, तुटण्यासाठीच केलेली मऊ पिन. ती तुटली की खिळा नाहीतर स्टीलचा बोल्ट कापून घालतात. मग पुढच्या खडपाला पिन तुटत नाही, गिअर तुटतो.

आता मूळ मुद्दा, स्केगचं वेल्डिंग. आपल्याकडे तीन प्रकार चालतात. एक, इपॉक्सी लावून आकार द्यायचा, दिसायला झकास, पहिल्या वाळूत गळून पडतो. दोन, गेट आणि ग्रिल करणाऱ्याकडे नेऊन साध्या आर्क मशीननं ॲल्युमिनियमची रॉड मारायची, तिथं वरून टेकडी दिसते आणि आत पोकळ. तीन, कोल्हापूर नाहीतर गोव्याला पाठवायचं, काम चांगलं होतं पण इंजिन सीझनमध्ये अडकून पडतं, म्हणून लोक तुटकाच चालवतात.

नीट काम होतं ते आर्गननं, म्हणजे आर्गन गॅस वापरून केलेल्या टिग वेल्डिंगनं. आता कोण म्हणेल आर्गन तर गावोगाव आहे, होमस्टेंच्या स्टीलच्या रेलिंगा सगळ्या आर्गननंच होतात. बरोबर, पण ती मशीनं बहुतेक डीसी. स्टीलला डीसी चालतं, ॲल्युमिनियमला एसी लागतं, कारण ॲल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो दोन हजार अंशांच्या वर वितळतो आणि आतला धातू ६६० लाच, म्हणजे वरचा पापुद्रा तसाच आणि आतलं पाणी झालेलं. एसीमध्ये करंट उलटसुलट होताना तो पापुद्रा फुटून निघतो. एवढाच फरक आहे. रेलिंगवाल्यानं डीसीवर प्रयत्न केला आणि "हे कास्टिंग खराब आहे, धरत नाही" म्हणून परत दिलं असे स्केग माझ्याकडे येतात, कास्टिंग म्हणजे ओतीव धातू, तो खराब नसतो हो.

आणि मशीन असून पण अर्धं काम साफसफाईचं. रंग पूर्ण काढायचा, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेलं कास्टिंग मीठ आणि ओल धरून बसतं, ते ॲसिटोननं पुसून, ज्या स्टेनलेस ब्रशनं कधी लोखंड घासलं नाही अशा ब्रशनं घासून, जरा गरम करून ओल घालवल्याशिवाय वेल्डिंगला बुडबुडेच येणार. जेवढा भाग गेलाय तेवढा नवीन तुकडा घालायचा, पण तो खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनचा नको, तो पातळ आणि नरम, मूळ स्केगएवढ्या जाडीची ५०८३ ची मरीन प्लेट घ्या. आकार डोळ्यानं काढायचा नाही, त्याच मॉडेलचं ज्याचं इंजिन चांगलं आहे त्याच्या लेगला पुठ्ठा लावून पेन्सिलनं काढायचा, शेजारी नाही म्हणत नाही. दोन्ही कडांना व्ही घासून दोन्ही बाजूंनी वेल्ड, रॉड ५३५६ नंबरची.

सगळ्यात मोठी चूक अर्थिंगची. अर्थचा चिमटा प्रॉप शाफ्टला लावतात कारण तिथं पकडायला सोपं. मग करंट बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक टिपके पडतात, स्केग एकदम सुंदर होतो आणि पुढच्या महिन्यात बेअरिंग ओरडायला लागतं. चिमटा स्केगलाच, वेल्डच्या जवळ लावायचा. मोठं काम असेल तर शाफ्ट, बेअरिंग, सील सगळं बाहेर काढूनच. छोटा कोपरा भरायचा असेल तर निदान गिअर ऑइल काढा, दोन्ही स्क्रू उघडे ठेवा, नाहीतर आतली हवा तापून सीलना ढकलते, आणि गिअरकेसला ओलं फडकं गुंडाळा, थांबत थांबत करा. झाल्यावर लेगमध्ये साधारण १० पीएसआय हवा भरून पाण्याच्या टपात बुडवून बघायचं, बुडबुडा आला तर सील गेलं. जास्त पंप मारू नका, चांगलं सील पण जाईल. आणि चीर जर स्केगमधून वर गिअरकेसच्या भिंतीत गेली असेल तर वेल्डिंगचा हट्ट सोडा, केस बदला.

रंगाला रेड ऑक्साइड मारतात, ॲल्युमिनियमवर ते धरत नाही, एच (etch) प्रायमर किंवा झिंक क्रोमेट मारायचं. तळाचा तांब्यावाला अँटिफाउलिंग रंग लेगला लावू नका, तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तेच स्टेनलेसच्या स्केग गार्डचं, खडपाच्या भागात तो चांगला आहे, मी स्वतः बसवून देतो, पण मध्ये सीलंटचा थर न देता नुसता बोल्ट केला तर आतून स्केग पांढरा चुरा होतो आणि गार्डच्या आत काय चाललंय ते दिसत पण नाही. झिंकचा ॲनोड ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजायला बसवलेला असतो, त्याला रंग लावून तो बंद करणारे पण आहेत, त्यांना मी हात जोडतो.

हे सगळं लिहिण्यामागचं मागणं एकच आहे. मत्स्य खात्याचा सहा महिन्यांचा प्रशिक्षण वर्ग असतो, सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिन देखभाल, चांगला आहे, पण नावातच डिझेल. छोटा मच्छीमार ओबीएमवर आहे. त्या वर्गात ओबीएमचा लेग उघडणं, सील बदलणं, पंख्याचा बॅलन्स एवढं घातलं तरी पोरं घरचं काम घरी करतील. आणि आयटीआयच्या वेल्डर ट्रेडमध्ये आर्गन अभ्यासक्रमातच आहे, ॲल्युमिनियमवरचं सुद्धा, मग किनारपट्टीच्या तालुक्यांत सरावाला सपाट पत्र्याच्या तुकड्यांबरोबर तुटके स्केग द्यायला काय हरकत आहे? तुटके स्केग लागतील तेवढे मी फुकट देतो. मालवणात सरकारी पॉलिटेक्निक आहे, तिथल्या मुलांना प्रोजेक्ट शोधत फिरावं लागतं, बॅलन्सिंगचा साधा स्टँड आणि कंपन्यांच्या वेगवेगळ्या मॉडेलांच्या स्केगचे पत्र्याचे साचे बनवले तर तो प्रोजेक्ट खरोखर वापरला जाईल. मच्छीमार सोसायट्यांनी मिळून एक एसी टिग मशीन घेतलं आणि पावसाळ्याचे दोन महिने चालवलं तरी तालुक्याचं काम निघेल, कारण हे काम जूनजुलैचंच आहे, ऑक्टोबरमध्ये कोणाला इंजिन सोडवत नाही.

वॉटर स्पोर्ट्सवाल्या मित्रांना वेगळं सांगतो, तुमच्या होडीत प्रवासी असतात, सर्व्हेला लाइफ जॅकेट मोजतात तसा स्पेअर पंखा पण कोणी मोजला पाहिजे असं माझं मत आहे. नुसता पंखा नको, नट, वॉशर, स्प्लिट पिन आणि पाना पण, एका डब्यात. पंखा आहे आणि स्प्लिट पिन नाही म्हणून तार गुंडाळून आलेल्या होड्या मी बघितल्यात.

तालुक्यात किंवा कुडाळ, वेंगुर्ल्याकडे कोणाकडे एसी टिग मशीन असेल आणि कास्टिंगचं काम घेत असतील तर त्यांनी तुमच्या पेपरात चार ओळी जरूर पाठवाव्यात. माझ्या पडवीत आत्ता तुटके लेग रांगेनं उभे आहेत आणि मालक रोज फोन करतायत.

आपला,
एक ओबीएम मेकॅनिक,
मालवण तालुका
(नाव छापू नये ही विनंती)